वर्गीकरण : वस्तूंचे आणि माणसांचे

सर्व गायींना ‘गाय’ का म्हणावयाचे, या वरकरणी साध्या प्रश्नावर भारतीय तत्त्वज्ञांनी शतकानुशतके वाद घातला. प्रत्येक गायीत ‘गोत्व’ हे एकच नित्य सामान्य वसते, असे न्याय-वैशेषिकांचे मत. तर असे काही नसते, जे गाय नाही ते वगळूनच गायीची कल्पना तयार होते, असे बौद्ध आचार्य दिङ्नागाचे प्रतिपादन.

आधुनिक विज्ञानाने या वादाचा एकतर्फी निकाल दिलेला नाही. ज्याच्या अणुगर्भात ७९ प्रोटॉन, ते सोने. हेन्री मोझ्लीच्या १९१३ मधील प्रयोगांनी अणुक्रमांकाला भक्कम आधार दिला, तेव्हापासून मूलद्रव्यांपुरती तरी सारतत्त्वाची भाषा सार्थ ठरते. सॉल क्रिप्के या तत्त्वज्ञाने १९७० च्या व्याख्यानांत सोन्याचाच दाखला देऊन तिचा पुरस्कार केला. सजीवांची गोष्ट निराळी. डार्विनने १८५९ मध्ये प्राणिजाती बदलत जातात हे साधार मांडले आणि अचल ‘गोत्वा’चा पाया खचला. एका जातीतील प्राण्यांमध्ये जे भेद आढळतात, तेच उत्क्रांतीचे भांडवल होय.

सोन्याचा न्याय सजीवांना लागू पडत नाही. मग मानवसमूहांना तो कसा लागू पडावा? तरीही तो लावला गेला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार मानले. रसायनशास्त्रज्ञाने सोने पारखावे तितक्या निःशंकपणे राज्यकर्त्यांनी माणसाचा स्वभाव त्याच्या जन्मावरून पारखला! सोलापुरातील तारेच्या कुंपणाआडची वसाहत ही या शास्त्राभासाचीच निर्मिती. १९५२ मध्ये कायदा रद्द होऊन या जमाती ‘विमुक्त’ झाल्या. परंतु गावात चोरी झाली की संशयाचे बोट आजही प्रथम त्यांच्या वस्तीकडे वळते. कायद्याने सोडलेले सारतत्त्व समाजाने आणि पोलीस ठाण्यांनी जपून ठेवले आहे.

वर्गीकरणावाचून विज्ञान चालत नाही, तसा राज्यकारभारही चालत नाही, हे खरे. पिढ्यान्‌पिढ्यांच्या अन्यायाची भरपाई करावयाची, तरी अन्याय कोणावर झाला याची यादी करावीच लागते. मात्र त्या यादीत एखाद्या समूहाचा इतिहास नोंदला जातो, त्यातील माणसाचा स्वभाव नव्हे. एवढा विवेक ज्या शासनाला राखता येत नाही, त्याच्या हाती वर्गीकरणाचे शस्त्र देणे धोक्याचे आहे.