शेजाऱ्याची झोप

रायपूरहून बिलासपूरकडे जाणाऱ्या रस्त्यालगत बीरगांव वसलेले आहे. एकेकाळचे हे खेडे. आज तेथे स्वतंत्र नगरपालिक निगम आहे. उरला आणि सिलतरा येथील लोखंडाच्या कारखान्यांत राबणारी माणसे येथील दाट वस्त्यांतून राहतात. भिंतीला भिंत लागलेली घरे, बैलगाडी जेमतेम जाईल अशी गल्ली आणि अंगणाच्या नावाने दारापुढची दोन हात जागा. नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून रायपूरच्या परिसरात मराठी कुटुंबे स्थिरावली. त्यांच्या शेजारी छत्तीसगढी, ओडिया, भोजपुरी बोलणारी कुटुंबे आहेत. अशा वस्तीत शेजारधर्म ही सुभाषितात ठेवण्याची गोष्ट राहत नाही. तिच्यावर माणसाची झोप अवलंबून असते.

झोपेचा उल्लेख मुद्दाम केला आहे. कारखाना तीन पाळ्यांत चालतो. रात्रपाळी करून सकाळी घरी आलेला कामगार दुपारी झोपतो. त्याच वेळी शेजारच्या घरी बारशाचा मांडव पडलेला असतो आणि ध्वनिक्षेपक सुरू झालेला असतो. संध्याकाळी तोच माणूस तापलेल्या भट्टीसमोर किंवा फिरत्या यंत्रासमोर उभा राहणार आहे. डुलकी लागली तर त्याची किंमत तो हाताच्या बोटांनी, कधी जिवाने मोजतो. हे त्या मांडवातल्या मंडळींच्या गावीही नसते. ती दुष्ट असतात असे नाही. आपल्या आनंदात ती भिंतीपलीकडचा माणूस विसरलेली असतात, एवढेच.

कायदा या बाबतीत मुका नाही. केंद्र सरकारच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास मनाई आहे. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. सणासुदीला राज्य सरकार रात्री बारापर्यंत सवलत देऊ शकते. पण वर्षातून पंधरा दिवसांहून अधिक नाही. छत्तीसगडात यापूर्वीचा १९८५ चा कोलाहल नियंत्रण अधिनियमही लागू आहे. ('कोलाहल' हा शब्द कायद्याच्या नावात यावा, याचे मला नेहमी कौतुक वाटते, त्या शब्दातच गोंगाट ऐकू येतो.) अलीकडच्या वर्षांत बिलासपूर येथील उच्च न्यायालयाने डीजेच्या उपद्रवाची स्वतःहून दखल घेतली आहे.

१८ जुलै २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या विषयावर एक महत्त्वाचा निकाल दिला. त्या खटल्याच्या मुळाशी एक घटना होती. तेरा वर्षांच्या एका मुलीवर अत्याचार होत असताना तिने मदतीसाठी फोडलेला टाहो शेजारी वाजणाऱ्या ध्वनिक्षेपकाच्या आवाजात बुडून गेला. कोणालाही तो ऐकू आला नाही. त्याच संध्याकाळी तिने स्वतःला जाळून घेतले. "चार दिवस सणाचे, थोडे सोसले तर काय बिघडते?" असे जे म्हणतात, त्यांनी ही हकीगत एकदा वाचावी. आवाज कानांना त्रास देऊन थांबत नाही. तो दुसऱ्याची हाकही गिळून टाकतो.

यावर कोणी म्हणेल, हा आमच्या धर्मावर आणि परंपरेवर घाला आहे. मला हे पटत नाही. १८९३ च्या सुमारास पुण्यात लोकमान्य टिळकांनी गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप दिले, तेव्हा त्या मांडवांतून व्याख्याने, कीर्तने आणि मेळे होत. हजारो माणसे कान देऊन ऐकत. ज्या उत्सवात वक्त्याचा शब्द ऐकू यावा म्हणून लोक शांत बसत, तोच उत्सव आज शेजाऱ्याला शेजाऱ्याचा शब्द ऐकू देत नाही. मग परंपरा नेमकी कोणी मोडली? महाराष्ट्रात या गोंगाटाविरुद्ध न्यायालयात प्रथम गेलेल्यांत मुंबईचे डॉ. यशवंत ओक होते आणि पुढे ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर. बेडेकरांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये सविस्तर निकाल दिला. न्यायालयांनी सर्वच धर्मांच्या स्थळांना आणि उत्सवांना एकच मोजपट्टी लावली आहे, हेही लक्षात घ्यावे.

तथापि बीरगांवच्या रात्रपाळीवाल्याला या निकालांचा उपयोग अर्धाच. कायदा रात्रीच्या झोपेचे रक्षण करतो, आणि तो तर दुपारी झोपतो. दिवसाच्या मर्यादेत राहून वाजणारा ढोलही त्याची झोप मोडू शकतो. येथे शेजाऱ्याशी बोलण्यावाचून मार्ग नाही. आणि ते बोलणे ढोल वाजत असताना करू नये. मांडवाचा खांब रोवला जात असतानाच जाऊन सांगावे: "दादा, आज माझी रात्रपाळी आहे, दोन ते सहा जरा आवाज कमी ठेवता का?" बहुतेक माणसे ऐकतात. जी ऐकत नाहीत, त्यांच्यासाठी ११२ हा पोलिसांचा क्रमांक आहे, आणि तो फिरवण्यात काहीही कमीपणा नाही. मुकाट्याने सोसत राहणे म्हणजे सलोखा, अशी आपल्याकडे एक चुकीची समजूत आहे. सोसणारा मनात कढत राहतो आणि एखाद्या दिवशी नळावरच्या क्षुल्लक कारणाने काठ्या निघतात.

आता कुत्र्यांविषयी. गल्लीतील मोकाट कुत्रे आणि शेजाऱ्याने पाळून मोकळे सोडलेले कुत्रे, यांत फरक केला पाहिजे. दुसऱ्या प्रकारात दोषी कोण, हे स्पष्ट आहे. पाळीव प्राण्याकडून इतरांना इजा होऊ नये याची खबरदारी न घेणे, हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ प्रमाणे गुन्हा असून त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. "आमचा मोती कुणाला काही करत नाही" हे वाक्य कायद्यापुढे टिकत नाही. चावा घेण्याच्या आदल्या दिवसापर्यंत ते प्रत्येक मोतीबद्दल खरेच असते.

मोकाट कुत्र्यांचा प्रश्न अवघड आहे. त्यांना विष घालणे क्रूर आहे, बेकायदेशीर आहे आणि शिवाय निरुपयोगी आहे; उकिरडा तसाच राहिला की रिकाम्या जागेवर दुसरी कुत्री येतात. २०२३ च्या नियमांनुसार नसबंदी व लसीकरण ही स्थानिक संस्थांची जबाबदारी आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही नसबंदी व लसीकरणानंतर कुत्री पुन्हा त्याच भागात सोडावीत, पिसाळलेली व हिंस्र कुत्री मात्र सोडू नयेत, आणि खाऊ घालण्याच्या जागा ठरवून द्याव्यात, असे सांगितले. म्हणजे भूतदयेपोटी शेजाऱ्याच्या उंबऱ्यापुढे शिळी भाकरी टाकणाऱ्यांनाही मर्यादा आहे. छत्तीसगडच्याच बलौदाबाजार जिल्ह्यात २०२५ मध्ये शाळेतील मुलांच्या भोजनाला कुत्र्याने तोंड लावले आणि सत्तरहून अधिक मुलांना रेबीजची लस टोचावी लागली. कुत्रे चावलेच तर हळद-मिरची न भरता जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा. पोटात चौदा इंजेक्शने देण्याची पद्धत केव्हाच बंद झाली आहे. त्या भीतीने आजही कोणी घरी बसत असेल तर ते जिवावर बेतेल, कारण रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर उपचार जवळजवळ नाहीच.

एक गोष्ट मुक्त विद्यालयाच्या विद्यार्थ्यांसाठी. आपल्या सार्वजनिक परीक्षा वर्षातून दोनदा होतात: एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. पहिली येते लग्नसराईत, दुसरी दसरा-दिवाळीच्या आगेमागे. दिवसभर काम करून रात्री पुस्तक उघडणाऱ्या गृहिणीला किंवा कामगाराला शांततेचे दोनच तास मिळतात, आणि नेमके तेच उत्सवाचे असतात. मोहल्ल्यातील उत्सव समितीची बैठक सणाच्या आधी पंधरा-वीस दिवस भरते. परीक्षेचे वेळापत्रक घेऊन त्या बैठकीला जावे, गल्लीतले आणखी दोघे-तिघे परीक्षार्थी बरोबर न्यावेत, आणि ध्वनिक्षेपकाचे तोंड कोणत्या दिशेला असेल व तो किती वाजता बंद होईल, हे समितीच्या वहीत लिहून घ्यावे.