खेळण्याचा दुष्काळ

कळंबोलीच्या सर्कलपाशी रस्ता ओलांडण्याचा प्रसंग ज्यांवर आला असेल, त्यांस मालाची टंचाई हा शब्द काहीसा विनोदीच वाटेल. एका अंगाने पुण्याच्या द्रुतगती मार्गाचा आरंभ, दुसऱ्या अंगाने न्हावा-शेव्याच्या बंदराकडे जाणारा रस्ता, पलीकडे लोखंडाचा बाजार, आणि या सर्वांमधून अहोरात्र चाललेली पेट्या वाहणाऱ्या ट्रेलरांची रांग! १९८९ साली ते बंदर सुरू झाल्यापासून देशात जहाजाने येणाऱ्या पेटीबंद मालाचा फार मोठा वाटा तेथे उतरतो. आणि त्यातील बराचसा आमच्या खिडकीखालून जातो असे आम्ही पाहुण्यांस मोठ्या तोऱ्याने सांगत असतो. तेव्हा आमच्या शेजारच्या घरातील चौदा वर्षांच्या नातवाने २०२१ साली गॅलरीत उभे राहून, "आबा, इतक्या पेट्या रोज जातात, मग त्यांतल्या एकीतही माझं यंत्र कसं नाही?" असे जेव्हा विचारले, तेव्हा आबांस एकदम उत्तर सुचेना. आबा आमचे जुने स्नेही. त्यांनी तो प्रश्न संध्याकाळच्या फेरफटक्यात आमच्या गळ्यात घातला, आणि आज या सदरातून आम्ही तो वाचकांपुढे ठेवीत आहो.

यंत्र कोणते, हे ज्या घरांत मुले आहेत त्यांस सांगावयास नको. दूरचित्रवाणीस जोडून खेळावयाच्या या यंत्रास व्हिडिओ गेम कन्सोल म्हणतात. सोनी या जपानी कंपनीचा पाचवा 'प्लेस्टेशन' अमेरिका, जपान वगैरे देशांत १२ नोव्हेंबर २०२० रोजी विक्रीस आला. मायक्रोसॉफ्टचे 'एक्सबॉक्स' त्याआधी दोनच दिवस, आणि तेही आपल्याकडे व परदेशी एकाच वेळी निघाले होते. प्लेस्टेशनची पाळी मात्र हिंदुस्थानात २ फेब्रुवारी २०२१ रोजी आली. किंमत ४९,९९० रुपये. दहा रुपये कमी ठेवून पन्नास हजारांचा आकडा गिऱ्हाइकाच्या दृष्टीआड करण्याची ही युक्ती वाण्याच्या दुकानापासून सोनीपर्यंत सारखीच आहे. आगाऊ नोंदणी १२ जानेवारीस दुपारी बारा वाजता उघडली आणि काही मिनिटांतच सगळा माल संपला. पुढे मे महिन्यात पुन्हा नोंदणी झाली, तिचीही तीच गत. आमच्या शेजारचा मुलगा दोन्ही वेळा काकांचा संगणक व आईचा फोन असे दुहेरी शस्त्र घेऊन बसला होता. पहिल्या वेळी पान उघडलेच नाही. दुसऱ्या वेळी उघडले, परंतु पैसे भरावयाच्या आधीच 'शिल्लक नाही' अशी पाटी आली.

आबांच्या पिढीस टंचाई नवीन नाही. पुण्याजवळ आकुर्डीस बजाजचा कारखाना चालू असूनही स्कूटरसाठी आठ-आठ, दहा-दहा वर्षे वाट पाहिलेले लोक आजही हयात आहेत. सरकारी परवान्याने उत्पादनाची मर्यादा बांधलेली, आणि मागणी मात्र अमर्याद. तेव्हा नंबर लागलेला कागद हीच एक मालमत्ता होऊन बसे, आणि ज्यास घाई असेल तो 'ऑन' देऊन दुसऱ्याचा नंबर विकत घेई. मुलीच्या लग्नाच्या बोलाचालीत स्कूटरचा नंबर लागला असल्याचा उल्लेख निघत असे, हे आमच्यापैकी पुष्कळांस आठवेल. पण त्या पद्धतीत एक गोष्ट होती: रांग दिसत होती. आपण कितवे आहो, आपल्यापुढे किती आहेत, हे माणसास ठाऊक असे. आमच्या शेजारच्या मुलास जे भोगावे लागले त्यात रांगच नव्हती. बारा वाजता सर्वांस एकदम दार उघडावयाचे आणि ज्याचा हात वेगाचा त्याने उचलावयाचे. तोही हात माणसाचाच असेल असे नाही. माणसापेक्षा कितीतरी चपळाईने खरेदी उरकणारे संगणकाचे कार्यक्रम, ज्यांस बॉट म्हणतात, ते पाश्चात्य देशांत दलालांनी सर्रास वापरले, आणि अशी घेतलेली यंत्रे दुसऱ्याच दिवशी चढ्या भावाने विकावयास मांडली. दहा वर्षे थांबून नंबर लागणे वाईट खरे. पण मिनिटभरात हरणे आणि चार महिन्यांनी पुन्हा मिनिटभरात हरणे, हे मुलाच्या मनास अधिक लागते असे आम्हांस प्रत्यक्ष पाहून वाटले.

आता माल कमी का पडला? कोणी म्हणेल, कंपनीने मुद्दाम थोडा सोडला. तसा संशय येणे साहजिक आहे, परंतु आकडे तसे सांगत नाहीत. जुलै २०२१ पर्यंत, म्हणजे अवघ्या आठ महिन्यांत, हे यंत्र जगभर एक कोटी खपले. सोनीच्या आधीच्या कोणत्याही यंत्राचा खप इतक्या वेगाने झाला नव्हता. माल थोडा निघाला म्हणून दुष्काळ पडला असे नव्हे. जितका निघाला त्याहून भूक मोठी होती. मार्च २०२० पासून घरोघर माणसे कोंडली गेली. आपल्या शहरांत तर आठवी ते बारावीच्या शाळांची दारे ४ ऑक्टोबर २०२१ ला उघडली. मुले घरी, वडील माणसांची कचेरी घरी, म्हणून प्रत्येकास संगणक हवा, फोन हवा आणि करमणुकीचे साधन हवे. या सर्व वस्तूंच्या पोटात एकच चीज असते, ती म्हणजे चिप.

या यंत्राची मुख्य चिप एएमडी या अमेरिकन कंपनीने आखली आणि तैवानातील टीएसएमसीच्या कारखान्यात ती घडविली जाते. अशी एक चिप तयार होण्यास तीन-तीन महिने लागतात, आणि तिचा कारखाना उभारण्यास वर्षे व हजारो कोटी रुपये. मागणी आली म्हणून उद्या दुप्पट काढू असे म्हणण्याची तेथे सोय नाही. त्यात मोटारींच्या कारखानदारांनी टाळेबंदीच्या धास्तीने आपल्या चिपांच्या मागण्या मागे घेतल्या, आणि मोटारी पुन्हा खपू लागल्यावर परत येऊन पाहतात तो त्यांची जागा दुसऱ्यांनी घेतलेली. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासात बर्फाचे वादळ होऊन तेथील चिपांचे कारखाने थंडावले. १९ मार्चला जपानात रेनेसास कंपनीच्या नाका येथील कारखान्यास आग लागली. चारच दिवसांनी 'एव्हर गिव्हन' हे अजस्र जहाज सुवेझच्या कालव्यात आडवे झाले. त्याच वर्षी तैवानात अवर्षण पडले, आणि चिप धुण्यास पाणी तर अतोनात लागते! सप्टेंबर २०२१ मध्ये आपले हरियाणा व गुजरातेतील उत्पादन नेहमीच्या सुमारे ४० टक्क्यांवर येईल असे मारुतीने जाहीर केले, तेही याच कारणाने. सारांश, मुलाचे खेळणे व शेजाऱ्याची मोटार एकाच चुलीवर अडकली होती.

माल कमी आणि गिऱ्हाईक फार असे असता कंपनीने किंमत का वाढविली नाही, हा प्रश्न अर्थशास्त्र शिकलेल्या वाचकांस पडेल. याचे उत्तर मोठे मौजेचे आहे. या धंद्यात यंत्र विकून बहुधा फारसा नफा होत नाही. प्रथमतः तर पुष्कळदा तोटाच होतो. पाचव्या प्लेस्टेशनचे तबकडीचे यंत्र आता तोट्यात विकावे लागत नाही, असे सोनीने ऑगस्ट २०२१ मध्ये सांगितले. खरी मिळकत खेळांवर. एकेक नवा खेळ तेव्हा आपल्याकडे ४,९९९ रुपयांपर्यंत जाई, आणि यंत्र घरात शिरले की खेळ मागोमाग येतातच. तेव्हा कंपनीस घाई असते ती यंत्र घरोघर पोहोचविण्याची. पण छापील किंमत आणि बाजारातील हौस यांमध्ये जी मोकळी जागा राहते, तिच्यात दलाल येऊन बसतो. फार माल काढून ठेवण्याची भीतीही या धंद्यास आहे. १९८३ साली अमेरिकेत या खेळांचा बाजार एकदम कोसळला, तेव्हा अटारी कंपनीने न विकलेला माल न्यू मेक्सिकोतील अ‍ॅलामोगोर्डो येथे चक्क जमिनीत पुरला होता. २०१४ साली तो उकरून काढला तेव्हा लोक तो पाहण्यास जमले!

असो. आबांपुढे प्रश्न आला तो मे २०२१ मध्येच. मुंबईतल्या एका दुकानदाराने, त्याचे नाव येथे देण्याचे कारण नाही, यंत्र लगेच देतो असे कळविले. मात्र छापील किमतीवर पंधरा हजार रुपये वेगळे, आणि त्यांची पावती मिळावयाची नाही. मुलाचे वडील देण्यास तयार होते. वर्षभर पोर घरात कोंडले आहे, मित्र नाहीत, मैदान नाही. पंधरा हजारांकडे काय पाहावयाचे, असे त्यांचे म्हणणे. ते अगदीच चुकीचे होते असे आम्ही म्हणणार नाही. काकूंचे म्हणणे निराळे. घरात मुले चार. एकास वरचे पैसे देऊन आणले तर उद्या दुसऱ्यास कोणत्या तोंडाने नाही म्हणावयाचे? एकत्र कुटुंबात वस्तूची किंमत केवळ रुपयांत मोजून भागत नाही, हे ज्यांनी अशी घरे चालविली आहेत त्यांस सांगण्याची गरज नाही.

आबा दोन दिवस काही बोलले नाहीत. तो महिना कसला होता हे आठवावे. त्याच आठवड्यात त्यांच्या चुलतभावास पनवेलच्या एका रुग्णालयात ठेवले होते, आणि आबांचा थोरला मुलगा प्राणवायूच्या नळकांडीसाठी व इंजेक्शनासाठी रात्रभर फोन करीत होता. तेथेही तुटवडा, तेथेही 'लगेच देतो, पण वरचे पैसे', तेथेही पावती नाही. तेथे आबांनी पैसे दिले. आम्हांस त्यांनी हे स्वतः सांगितले, आणि सांगताना त्यांची मान खाली होती. भाऊ वाचले. तिसऱ्या दिवशी नातवास जवळ बसवून ते म्हणाले, "बाळ, मी परवा काळ्या बाजारात पैसे मोजले आहेत. ते मोजावे लागले. पण जे जीवासाठी केलं, ते खेळण्यासाठी करायला मला सांगू नकोस." मुलगा रडला, दोन दिवस जेवणावर रुसला. दुकानदारास नकार गेला.

या नकाराने काळा बाजार बुडाला असे नव्हे. ते यंत्र त्याच संध्याकाळी दुसऱ्या कोणी नेले असणार. तरीसुद्धा आमच्या मते आबांचा निर्णय बरोबर होता, आणि तो काटकसरीचा मुळीच नव्हता. वरचा पैसा देणारा गिऱ्हाईक आपणच त्या दलालास पुढच्या खेपेचे भांडवल पुरवितो. पुढच्या नोंदणीच्या दिवशी त्याच पैशाने आणखी चार यंत्रे उचलली जातात आणि आणखी चार मुले 'शिल्लक नाही' वाचतात. प्राणवायू थांबू शकत नाही, खेळणे थांबू शकते. हा भेद करण्याचा अधिकार बाजारास नाही. तो घरातील वडील माणसास आहे, आणि तो त्याने वापरावा.

थांबणाऱ्यास बक्षीस मिळते असे मात्र आम्ही मुलांस सांगणार नाही, कारण ते खरे नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये यंत्राची किंमत पाच हजारांनी वाढून ५४,९९० झाली. म्हणजे ज्याने वाट पाहिली त्यासच दंड! टंचाई संपल्याचे सोनीने सांगितले ते जानेवारी २०२३ मध्ये. त्यानंतर जुलैच्या अखेरीस साडेसात हजारांची सूट निघाली आणि किंमत ४७,४९० वर आली, तेव्हा आबांच्या घरी यंत्र आले. रीतसर पावतीसह, पनवेलच्या दुकानातून. तोवर नातू अकरावीत गेला होता. आठ दिवस त्याने खेळून पाहिले, आणि नंतर सकाळची शिकवणी, दुपारचे कॉलेज यांत ते मागे पडले. आज त्यावर हक्क आहे तो धाकट्या चुलत भावंडांचा. काकूंनी पाळ्यांचा कागद भिंतीस चिकटविला आहे. आबांचीही त्यात रविवारी अर्ध्या तासाची पाळी आहे, आणि ते मोटारींच्या शर्यतीत नातीकडून नियमाने हरतात.

दुष्काळ संपला असे म्हणावे तर २०२५ च्या अखेरीस संगणकाच्या स्मृतीच्या चिपांचे भाव भडकले. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी जी प्रचंड केंद्रे उभी राहात आहेत ती या चिपा गिळीत आहेत. मायक्रॉनसारख्या कंपनीने घरगुती गिऱ्हाइकांसाठीचा आपला 'क्रुशल' हा माल बंद करण्याचे डिसेंबरात जाहीर केले. या वेळी मुलांचा सामना दलालाशी नसून, त्यांच्याहून लाखपटीने मोठ्या गिऱ्हाइकाशी आहे. कळंबोलीस लागूनच तळोजे येथे चिपांचा कारखाना निघणार, सुमारे ८४ हजार कोटींचा, अशी सप्टेंबर २०२४ मध्ये राज्य सरकारची मंजुरी झाली होती. अदानी व इस्रायलची टॉवर कंपनी यांचा तो बेत पुढच्याच वर्षी थबकल्याचे वृत्त आले. आबांनी ते कात्रण जपून ठेवले आहे.

धाकटी नात आता दहा वर्षांची आहे. परवा गॅलरीत उभी राहून ती ट्रेलर मोजीत होती. सहावे प्लेस्टेशन कधी निघेल, आणि ते आले की आपला नंबर लावण्यास कागद कोठे मिळतो, असे तिने आम्हांस विचारले. आबांनी तिला स्कूटरची गोष्ट सांगितलेली दिसते.