ट्रेलर चालवायचाय? आधी वर्षभर कारचं लायसन्स हवं

जालन्यातून सळई भरून निघालेल्या मोठ्या ट्रेलरचं वजन मालासकट ५५ टनांपर्यंत असू शकतं. तो चालवायचं लायसन्स कसं मिळतं?

सुप्रीम कोर्टाने ६ नोव्हेंबर २०२४ ला स्पष्ट केलं, की मालासकट ७,५०० किलोपर्यंतचं मालवाहू वाहन साध्या कारच्या, म्हणजे एलएमव्ही लायसन्सवर चालवता येतं. त्यापुढे जड वाहनाचं लायसन्स लागतं. त्यासाठी वय किमान २० वर्षं हवं आणि एलएमव्ही लायसन्स मिळून एक वर्ष झालेलं हवं. आठवी पासची अट २०१९ मध्ये निघाली.

पूर्वी पोरं क्लीनर म्हणून चढायची आणि उस्तादाच्या हाताखाली शिकायची. २०२१ च्या नियमांनुसार मान्यताप्राप्त ट्रेनिंग सेंटरमध्ये जड वाहनाचा कोर्स ३८ तासांचा, सहा आठवड्यांचा आहे. तो पास झालात तर आरटीओची ड्रायव्हिंग टेस्ट माफ.

पण ३८ तासांत थिअरीही येते. शिवाय साधा ट्रक शिकला म्हणजे ट्रेलर आला असं नाही. रिव्हर्स घेताना स्टेअरिंग उजवीकडे फिरवलं, की ट्रेलरची शेपटी डावीकडे जाते. भरलेली गाडी थांबायलाही जास्त अंतर घेते. हे सरावानेच जमतं.

म्हणून फी भरण्याआधी तीन गोष्टी विचारा. शिकवायला ट्रेलर आहे का? भरलेल्या गाडीवर सराव मिळतो का? स्टेअरिंग प्रत्यक्ष किती तास हातात येणार? उत्तर गोलमोल आलं, तर दुसरी शाळा बघा. लायसन्स दोघांनाही सारखंच मिळेल, पण घाटात फरक कळेल.