हुकूमशहाने प्रशिक्षक काढला? १९७० च्या ब्राझीलची अर्धी गोष्ट

१/
विश्वचषक जवळ आला की एक गोष्ट हमखास फिरू लागते. ब्राझीलचा लष्करी हुकूमशहा मेदिसी याला दारियो हा आघाडीपटू राष्ट्रीय संघात हवा होता. कम्युनिस्ट प्रशिक्षक जोआओ साल्दान्या यांनी बाणेदारपणे नकार दिला, म्हणून १९७० च्या विश्वचषकाआधी त्यांची हकालपट्टी झाली. गोष्ट देखणी आहे. म्हणूनच ती तपासून घ्यायला हवी.

२/
माझे म्हणणे आरंभीच मांडतो. ही गोष्ट खोटी नाही, अर्धी आहे. अर्धी गोष्ट खोट्या गोष्टीहून चिवट असते, कारण तिच्यातला खरा भाग उरलेल्या भागाला जामीन राहतो.

३/
आधी कालक्रम पाहू. १३ डिसेंबर १९६८ रोजी लष्करी राजवटीने संस्थात्मक अधिनियम क्रमांक ५ लागू केला. संसद बंद झाली, वृत्तपत्रांवर पहारे बसले, राजकीय कैद्यांची न्यायालयीन दाद संपली. त्यानंतर जेमतेम दोन महिन्यांनी, फेब्रुवारी १९६९ मध्ये, जोआओ आवेलांज यांच्या अध्यक्षतेखालील क्रीडा महासंघाने साल्दान्या यांना नेमले. त्यांची राजकीय निष्ठा ही काही गुप्त बाब नव्हती. मग राजवटीच्या ऐन कडक दिवसांत कम्युनिस्ट माणूस त्या खुर्चीवर बसलाच कसा? फिरणारी गोष्ट या प्रश्नापाशी थांबतच नाही.

४/
साल्दान्या मुळात पत्रकार आणि राष्ट्रीय संघाचे कठोर टीकाकार. प्रशिक्षक म्हणून त्यांनी १९५७ मध्ये बोताफोगोला रिओचे अजिंक्यपद मिळवून दिले होते. १९६६ च्या विश्वचषकात ब्राझील पहिल्याच फेरीत गारद झाला होता आणि टीकेचा भडिमार थांबत नव्हता. टीकाकारालाच गादीवर बसवावे, म्हणजे टीका आपोआप शमेल, हा हिशेब आवेलांज यांच्या मनात होता असे तेव्हापासून बोलले जाते.

५/
आरंभ तर दिमाखदार झाला. पात्रता फेरीत सहापैकी सहा विजय, २३ गोल केले, अवघे २ स्वीकारले. त्यांतले १० एकट्या तोस्ताओचे. ऑगस्ट १९६९ मध्ये पॅराग्वेविरुद्धच्या अखेरच्या सामन्याला माराकानावर पावणेदोन लाखांहून अधिक प्रेक्षक होते.

६/
आणि मग मार्च १९७०. पोर्तो आलेग्रे येथे अर्जेंटिनाकडून ०-२ पराभव, त्याच महिन्यात बांगू या क्लबशी १-१ बरोबरी. साल्दान्या ४-२-४ ही रचना वापरत. मधल्या फळीत दोनच खेळाडू ठेवून तगडे युरोपीय संघ आवरतील का, हा प्रश्न उभा राहणे स्वाभाविक होते. त्यात फ्लामेंगोचे प्रशिक्षक युस्त्रिच यांनी टीका केली, तेव्हा साल्दान्या रिव्हॉल्व्हर घेऊन त्यांच्या शोधात थेट फ्लामेंगोच्या मुक्कामी पोहोचले. वर पेलेच्या दृष्टीविषयी शंका काढून त्याला वगळण्याची भाषा! यांतले एकही कारण मेदिसीने निर्माण केले नव्हते.

७/
तर मग मेदिसी निर्दोष? मुळीच नाही. ऑक्टोबर १९६९ च्या अखेरीस तो सत्तेवर आला. तो स्वतः फुटबॉलवेडा होता आणि दारियोविषयीची त्याची पसंती सर्वांना ठाऊक होती. मंत्रिमंडळ राष्ट्राध्यक्षांनी निवडावे, संघ मी निवडीन, अशा आशयाचे साल्दान्या यांचे उत्तर गाजले. असा माणूस संघासह जगापुढे जावा, हे राजवटीला रुचणारे नव्हते. दबाव होता. तो एकमेव होता, हे मात्र सिद्ध होत नाही.

८/
दारियोचे पुढे काय झाले, तेही पाहा. नवे प्रशिक्षक झागालो यांनी त्याला संघात घेतले, परंतु मेक्सिकोत तो एक मिनिटही मैदानात उतरला नाही. काही जण म्हणतील, निवड झाली हेच हुकमाचे पालन. मान्य. पण ज्या हट्टापायी प्रशिक्षक बदलला म्हणता, तो हट्ट राखीव खेळाडूंच्या बाकावर निमूट बसून राहिला, याचेही उत्तर द्यावे लागेल.

९/
दुसऱ्या टोकाचे लोकही तितकेच चुकतात. त्यांच्या मते साल्दान्या डोकेफिरू होते आणि संघ घडवला तो झागालो यांनी. त्यांनी दोन याद्या शेजारी ठेवाव्यात : पॅराग्वेविरुद्धच्या त्या सामन्याची आणि २१ जून १९७० च्या अंतिम सामन्याची. फेलिक्स, कार्लोस आल्बेर्तो, पियाझा, जेर्सन, जाइर्झिन्यो, तोस्ताओ, पेले. अकरांपैकी सात नावे दोन्हींकडे आहेत.

१०/
झागालो यांचे श्रेयही खरेच. त्यांनी पियाझाला मधल्या फळीतून काढून बचावाच्या केंद्रस्थानी नेले, त्याची जागा क्लोदोआल्दोला दिली आणि डावीकडे एदूऐवजी रिवेलिनो आणला. रिवेलिनो गरजेनुसार मागे येई, त्यामुळे मधली फळी भरली. सहा सामने, सहा विजय, अंतिम फेरीत इटलीवर ४-१. पाया एकाचा, कळस दुसऱ्याचा. त्यासाठी एकाला हुतात्मा आणि दुसऱ्याला हुजऱ्या ठरवण्याची गरज नाही.

११/
‘फुटबॉलच तो, एवढा कीस कशाला?’ असे विचारणाऱ्यांसाठी. मेदिसीच्या काळात माणसे छळछावण्यांत मेली, बेपत्ता झाली. आणि त्याच राजवटीने विश्वचषकाच्या विजयाचा प्रचारासाठी मनसोक्त वापर केला. तिच्यावरचे आरोपपत्र इतके भक्कम आहे की त्यात कच्चे कलम घुसवण्याची गरज नाही. कच्चे कलम कोसळले की प्रतिपक्ष पक्क्या कलमांवरही शंका घेऊ लागतो. राजवटीचा विरोध करायचा असेल, तर पुरावा अधिक काटेकोर हवा, कमी नव्हे.

१२/
शिवाय ही गोष्ट हुकूमशहाला तो होता त्याहून सर्वशक्तिमान करते आणि बाकी सर्वांना सोडून देते. संकट ओढवताच माणूस बदलणारा महासंघ सुटतो. काल ज्याला डोक्यावर घेतले त्याचेच आज डोके मागणारी वृत्तपत्रे सुटतात. आणि दोन खराब निकालांत धीर सोडणारे चाहते, म्हणजे आपण, तेही सुटतो.

१३/
तेव्हा ही गोष्ट पुन्हा समोर आली, तर पुढे ढकलण्याआधी दोनच प्रश्न विचारा. नेमणूक कोणी आणि का केली? आणि दारियो किती मिनिटे खेळला? पहिल्याच्या उत्तरात महासंघ दिसेल, दुसऱ्याचे उत्तर शून्य आहे. ही दोन उत्तरे ज्या गोष्टीत बसत नाहीत, तिला इतिहास म्हणू नये.