कुकुल्कानचे गवंडी

मेक्सिकोतल्या चिचेन इत्झाचा, माया लोकांच्या नागदेवाचा म्हणजे कुकुल्कानचा पिरॅमिड दाखवला की काही मंडळी हमखास म्हणतात, हे माणसाचं काम नव्हे! धातूची हत्यारं नाहीत, गाडी नाही, ओढायला बैल नाही. मग सूर्याशी एवढा मेळ बसवला कोणी? एरिक फॉन डेनिकेनचं पुस्तक १९६८ साली गाजलं, तेव्हापासून यांचं उत्तर आभाळातूनच येतं. आपल्या वेरूळच्या कैलास लेण्यालाही त्यांनी सोडलेलं नाही.

खरं उत्तर पिरॅमिडच्या पोटात आहे. १९३०च्या दशकात आत दुसरा, लहान पिरॅमिड सापडला. त्याच्या दालनात जग्वारच्या आकाराचं आसन होतं, तांबडं रंगवलेलं, अंगावरचे ठिपके हिरव्या जेडचे. २०१६मध्ये त्याच्याही आत तिसरी वास्तू असल्याचं जाहीर झालं. जुन्यावर नवं चढवत जाणं ही माया गवंड्यांची रीतच. परग्रहावरच्या पाहुण्यांना एकच देऊळ तीनदा बांधायची हौस कशाला?

सूर्याशी मेळ मुद्दाम बसवला, यावर दुसरा आक्षेप जाणत्यांचा आहे. दिवस-रात्र सारखी असतात त्या संपाताच्या सुमारास दुपार कलली की टप्प्यांच्या कोपऱ्यांची सावली उत्तरेच्या जिन्याच्या कठड्यावर पडते, उजेडाचे त्रिकोण उमटतात आणि नाग खाली सरकल्यासारखा दिसतो. पण हा देखावा संपाताच्या मागेपुढे बरेच दिवस दिसतो; शिवाय पिरॅमिडची विसाव्या शतकात डागडुजी झाली आहे. दोन्ही मुद्दे रास्त. सावलीवरून संपाताचा नेमका दिवस ठरवता येणार नाही, हे मान्यच करावं.

म्हणून सगळाच योगायोग म्हणायचं का? चारही बाजूंना ९१ पायऱ्या धरल्या तर ३६४ होतात, वरचा चौथरा मिळवून ३६५. नऊ टप्पे जिन्याने दुभंगून प्रत्येक बाजूला अठरा भाग पडतात. माया वर्षात वीस दिवसांचे महिने अठराच, वर पाच दिवस. एकेका बाजूला ५२ कोनाडे, आणि ३६५ व २६० दिवसांची चक्रं पुन्हा जुळतात तीही ५२ वर्षांनी. एखादा आकडा नशिबाने जुळेल, इतके नाही.

आणि नागाची दगडी मुंडकी बसवलीत ती उत्तरेच्या जिन्याच्याच पायथ्याशी, उजेड जिथे उतरतो तिथे. तारखेसाठी पुरोहितांना सावलीची गरजच नव्हती. ड्रेस्डेनमध्ये जपलेल्या माया पोथीत शुक्राच्या ५८४ दिवसांच्या फेऱ्यांची कोष्टकं आहेत. असा हिशेब ठेवणाऱ्यांना दिवस आधीच ठाऊक असणार. नाग उतरताना दिसायला हवा होता तो खाली पटांगणात जमलेल्यांना.