क्रेडिट कार्डवर दुकानदार २ टक्के जास्त मागतो, ते बरोबर की चूक?

दिवाळीच्या तोंडावर मोबाइलचं दुकान भरलेलं असतं. घासाघीस होते आणि ५० हजारांना फोन ठरतो. गिऱ्हाईक क्रेडिट कार्ड पुढे करतं, तेवढ्यात काउंटरवरचा माणूस म्हणतो, "कार्डवर दोन टक्के एक्स्ट्रा लागतील. कॅश द्या नाहीतर स्कॅन करा, मग काही नाही."

म्हणजे उभ्या उभ्या हजार रुपये वाढले.

यावर सोशल मीडियावर भांडणं ठरलेली. एक गट म्हणतो, दुकानदार लुटतायत. दुसरा म्हणतो, पॉइंट तुम्ही कमावणार, मग त्याचा खर्च दुकानदाराने का सोसायचा? दोघांचंही थोडं बरोबर आहे. कारण हे दोन टक्के दुकानदाराने हवेतून काढलेले नाहीत. हा खर्च खरा आहे आणि तो कुणीतरी भरतंच. भांडण आहे ते कुणी भरायचा याचं.

हे २ टक्के जातात कुठे?

कार्ड स्वाइप झालं की दुकानदाराच्या खात्यात पूर्ण रक्कम येत नाही. त्यातून आधी एक शुल्क कापलं जातं. त्याला मर्चंट डिस्काउंट रेट म्हणजेच एमडीआर म्हणतात. क्रेडिट कार्डवर हा दर साधारण दोन टक्क्यांच्या आसपास असतो. दुकान कसलं आहे आणि कार्ड कोणतं आहे, यावर तो कमी-जास्त होतो. या शुल्कावर १८ टक्के जीएसटी वेगळा.

या पैशाचे तीन वाटेकरी असतात. दुकानदाराला मशीन देणारी बँक, व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपेसारखं नेटवर्क, आणि गिऱ्हाइकाला कार्ड देणारी बँक. सगळ्यात मोठा वाटा या शेवटच्या बँकेचा. ती महिना-दीड महिना बिनव्याजी पैसे वापरू देते आणि पैसे बुडण्याचा धोका घेते. रिवॉर्ड पॉइंट आणि एअरपोर्ट लाउंजचा खर्चही बऱ्याच अंशी याच वाट्यातून निघतो.

आता हिशोब बघा. ५० हजारांच्या फोनवर २ टक्के म्हणजे १,००० रुपये आणि त्यावर जीएसटी १८० रुपये. दुकानदाराच्या हातात आले ४८,८२०. जीएसटीचे १८० रुपये त्याला क्रेडिट म्हणून परत मिळू शकतात, पण तो कंपोझिशन योजनेत असेल तर तेही नाहीत. फोनवर त्याचा नफा ५ टक्के, म्हणजे २,५०० रुपये धरला, तर त्यातले किमान हजार रुपये कार्डापायी गेले.

कमी मार्जिनच्या धंद्यात हे किती झोंबतं, ते जानेवारी २०१७ मध्ये दिसलं होतं. नोटाबंदीला दोन महिने झाले होते आणि सरकार कार्ड वापरा म्हणून सांगत होतं. तेव्हाच बँकांनी पेट्रोल पंपांकडून १ टक्का एमडीआर घ्यायचं ठरवलं. पंपचालकांनी थेट कार्ड न घेण्याचा इशारा दिला आणि बँकांना निर्णय लांबणीवर टाकावा लागला.

नियम काय सांगतो?

इथे डेबिट आणि क्रेडिट कार्ड वेगवेगळे बघावे लागतात.

डेबिट कार्डवर जादा पैसे घेता येत नाहीत. सप्टेंबर २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना तसं कळवलं आणि असे पैसे घेणाऱ्या दुकानांशी संबंध तोडायला सांगितलं. डेबिट कार्डच्या एमडीआरलाही मर्यादा आहे. २०१८ पासून स्वाइप मशीनवर छोट्या दुकानदारांना जास्तीत जास्त ०.४० टक्के आणि मोठ्यांना ०.९० टक्के. यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डवर तर १ जानेवारी २०२० पासून एमडीआर शून्य आहे.

क्रेडिट कार्डचं तसं नाही. त्याच्या एमडीआरवर रिझर्व्ह बँकेने मर्यादा घातलेली नाही आणि २०१३ चं ते पत्रक डेबिट कार्डबद्दल आहे. दुकानदाराला अडवतो तो त्याचा बँकेशी असलेला करार. कार्ड स्वीकारताना गिऱ्हाइकाकडून वेगळे पैसे घेऊ नयेत, अशी अट त्यात सहसा असते. पण काउंटरवर हा करार वाचतंय कोण?

त्यातही गंमत अशी, की मोठ्या व्यवस्था हेच उघडपणे करतात. पेट्रोल पंपावर क्रेडिट कार्डने पैसे दिले की साधारण १ टक्का सरचार्ज लागतो आणि बऱ्याच बँका तो ठरावीक मर्यादेत परत करतात. कित्येक वेबसाइटवर 'कन्व्हिनियन्स फी' असते. जे कोपऱ्यावरच्या दुकानात लूट वाटतं, तेच ऑनलाइन 'फी' या नावाने खपून जातं.

मग सगळीकडेच बंदी घातली तर?

ऐकायला बरं वाटतं. पण बंदीने खर्च संपत नाही, फक्त दिसेनासा होतो.

समजा एका दुकानात निम्मी विक्री क्रेडिट कार्डवर होते. दोन टक्के एमडीआर म्हणजे एकूण विक्रीवर एक टक्का खर्च. वेगळे पैसे घेता येत नसतील, तर दुकानदार सगळ्याच मालाची किंमत टक्काभर वाढवेल. कार्डवाल्याला टक्काभर पॉइंट परत मिळतात, त्याचा हिशोब बरोबर सुटतो. पण रोख देणाऱ्या घरकाम करणाऱ्या बाईला आणि यूपीआय करणाऱ्या कॉलेजच्या पोराला काहीच परत मिळत नाही. ज्यांना बँक क्रेडिट कार्ड देत नाही, ते कार्डवाल्यांच्या पॉइंटचे पैसे भरतात.

म्हणजे दुकानदारच बरोबर?

तसंही नाही. रोख पैसे फुकट पडत नाहीत. ते मोजणं, बँकेत भरणं, खोट्या नोटा आणि चोरीची भीती, हे सगळं आलंच. कार्ड आणि ईएमआयमुळे वाढीव विक्री होते, तिचा नफा दुकानदाराचाच असतो. काही ठिकाणी दोन टक्क्यांचं नाव पुढे करून 'कॅश द्या, बिल नको' हा खेळ चालतो. आणि डेबिट कार्डवरही दोन टक्के मागितले, तर तो खर्च वसूल करणं नसून वरकमाई आहे.

शिवाय भाव एक सांगायचा आणि पैसे देताना दुसरा, ही फसवणूकच. ऑनलाइन विक्रीत अशा प्रकाराला 'ड्रिप प्रायसिंग' म्हणतात. केंद्र सरकारच्या २०२३ च्या 'डार्क पॅटर्न' नियमावलीत बंदी असलेल्या १३ प्रकारांमध्ये तो आहे.

बाहेरच्या देशांनी काय केलं?

युरोपियन युनियनने जानेवारी २०१८ पासून सर्वसामान्य ग्राहकांच्या कार्डांवर असा सरचार्ज बंद केला. पण त्याआधी २०१५ मध्ये कार्ड देणाऱ्या बँकेच्या वाट्यालाच मर्यादा घातली होती, डेबिटवर ०.२ टक्के आणि क्रेडिटवर ०.३ टक्के. आधी खर्च कमी केला, मग दुकानदाराला सांगितलं की आता वेगळे पैसे मागू नकोस.

ऑस्ट्रेलियाने उलटा रस्ता धरला. तिथे २००३ पासून दुकानदारांना सरचार्जची मोकळीक मिळाली. काही जण खर्चापेक्षा जास्त उकळू लागले, म्हणून २०१६ मध्ये प्रत्यक्ष खर्चाइतकाच सरचार्ज घेण्याचा नियम आला. जुलै २०२५ मध्ये तिथल्या मध्यवर्ती बँकेनेच नेहमीच्या कार्डांवरचा सरचार्ज काढून टाकायचा आणि सोबत बँकांचं शुल्कही कमी करायचा प्रस्ताव मांडला.

दोन्हीकडचा धडा सारखाच आहे. बंदी आणि शुल्कावर मर्यादा जोडीने आल्या पाहिजेत.

भारताने डेबिट कार्डबाबत ही जोडी लावली. क्रेडिट कार्डबाबत मात्र मर्यादाही नाही आणि स्पष्ट नियमही नाही. अशात नुसत्या बंदीने छोटा दुकानदार आणि रोखीचं गिऱ्हाईक भरडले जातील, आणि नुसत्या मोकळिकीने काउंटरवरची मनमानी वाढेल. मर्यादा येईपर्यंत सरळ मार्ग एकच दिसतो. पैसे घ्यायचेच तर प्रत्यक्ष खर्चाइतके, आधी पाटी लावून आणि बिलात दाखवून. किंवा सवलतीचा मार्ग धरायचा. महावितरण लघुदाबाच्या ग्राहकांना ऑनलाइन वीजबिल भरल्यावर ०.२५ टक्के सूट देतं, तसं.

तुमच्याकडे मागितले तर काय कराल?

भाव ठरवतानाच विचारा, "कार्डचा भाव हाच ना?" जादा पैसे दिलेच तर ते बिलावर लिहून घ्या. डेबिट कार्डवर मागितले तर देऊ नका, बँकेला कळवा. दुकानाविरुद्ध राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते. बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही, तर बँकेविरुद्ध रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं.

आणि दोन टक्के भरून एक टक्क्याचे पॉइंट मिळत असतील, तर कार्ड खिशात ठेवून स्कॅन केलेलंच बरं.