पात्यावरचा आकडा आणि मुलांचे खांदे

ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक तिरंदाजी स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे यांनी एकाच दिवशी कंपाउंड धनुष्याची वैयक्तिक सुवर्णपदके जिंकली. अदिती तेव्हा १७ वर्षांची होती. ओजसने अंतिम सामन्यात १५० पैकी १५० गुण घेतले. असे काही वाचले की पनवेलसारख्या शहरातही घरोघरी धनुष्याची चौकशी होणारच. पहिला प्रश्न किमतीचा असतो. ते मुलाला किती जड पडेल, हा प्रश्न मात्र मागेच राहतो.

नवशिके बहुधा रिकर्व्ह धनुष्यावर शिकतात. त्याच्या पात्यावर पौंडांत आकडा छापलेला असतो, तो २८ इंच खेच धरून. बारा-तेरा वर्षांच्या मुलाची खेच २४ इंच असेल, तर २४ पौंडांचे धनुष्य त्याला १६ पौंडांच्या आसपास लागते. इंचामागे साधारण दोन पौंडांचा फरक पडतो. दोन-तीन वर्षांत हात लांब होतात, खेच २७ इंचांवर जाते. धनुष्य तेच, पण भार सहा पौंडांनी, म्हणजे जवळजवळ पावणेतीन किलोंनी वाढलेला. दिवसाला १०० बाण म्हणजे तेवढा जादा भार १०० वेळा. कोणी काही बदललेले नसते, म्हणून खांदा दुखू लागला की ‘सराव कमी पडतोय’ असे निदान होते.

त्यात शाळेच्या गणवेशाचा हिशेब धनुष्याला लावण्याची सवय. अंगाला येईल म्हणून मोठ्या मापाचा शर्ट चालतो. जड धनुष्य खेचताना मात्र खांदा कानाकडे चढतो, पाठ मागे कलते आणि पाठीच्या मोठ्या स्नायूंचे काम खांद्याच्या सांध्याभोवतीच्या छोट्या स्नायूंवर येते. तिरंदाजांच्या दुखण्यांत खांदा आघाडीवर असतो, तो उगाच नाही.

मग तिरंदाजाने धनुष्याचा इंजिनिअर व्हावे का? मुळीच नाही. दोरी सुटताना बाण माशासारखा वळवळतो, त्याचा ताठरपणा धनुष्याच्या भाराशी जुळावा लागतो. ते गणित प्रशिक्षकाने पाहावे. कंपाउंडच्या चाकांना तर घरी हातच लावू नये. पण ‘ते सर बघतील’ हे उत्तर सगळीकडे चालत नाही. एका प्रशिक्षकासमोर वीस-पंचवीस मुले असली की कोणाची उंची कधी वाढली, हे त्याच्या लक्षात राहीलच असे नाही. मुलाला ते कळू शकते. बॅग तोलायचा टांगता काटा दोरीला अडकवून आपल्या खेचीला किती भार येतो, हे मोजायला पाच मिनिटे लागतात. हात लांबले की जुना बाण आखूड पडतो आणि पूर्ण खेचल्यावर टोक टेकणीच्या मागे घसरून धनुष्य धरलेल्या हाताला इजा करू शकते, हेही त्याला ठाऊक हवे. बाण न लावता दोरी कधीच सोडू नये. ती सारी शक्ती पात्यांत जाते, पाती तडकू शकतात. बाण एका बाजूला पण झुपक्यात लागत असतील, तर धनुष्य किंवा बाण तपासावेत. चौफेर विखुरले, तर बहुधा शरीर थकलेले असते.

पनवेलच्या पावसात उघडी मैदाने चिखलाने भरतात आणि धनुष्य कपाटात जाते. दसऱ्याच्या सुमारास ते बाहेर निघते तेव्हा मुलाची उंची वाढलेली असते आणि सराव तुटलेला असतो. काटा आधी लावायचा तो त्या दिवशी.